उलट्या हाताचं कलम

वडिलांच्या डाव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला येऊन चार वर्षं झाली होती. वडील बसमध्ये कंडक्टर होते. एकतीस वर्षं उभ्याने नोकरी, त्यातली शेवटची बारा मधुमेहासकट. तळव्यांची जाणीव हळूहळू गेली होती. बुटातला खिळा दिवसभर टोचत राहिला आणि त्यांना कळलं नाही. संध्याकाळी फरशीवरचे लाल ठिपके आधी आईला दिसले.

खारी गावाच्या वाटेवर एका इमारतीच्या तळमजल्याला एका सर्जनचा दवाखाना होता. पायांचा असा वेगळा डॉक्टर असतो हे आमच्याकडे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, पण यांच्याकडे येणाऱ्या दहांतले सात जण पाय दाखवायलाच येत. कुरूप, घट्टे, वाढलेली नखं, न भरणाऱ्या जखमा. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत. इतर दिवशी ते बोरिवलीच्या एका रुग्णालयात असत आणि इथलं ड्रेसिंग त्यांच्या मदतनीस बाई करत. बाई उत्तनच्या, ख्रिस्ती कोळ्यांच्या घरातल्या, पंचेचाळिशीच्या. अठरा वर्षं मुंबईत रुग्णालयात आया होत्या. प्रमाणपत्र कसलंही नव्हतं, आणि ते कुणी मागतही नव्हतं.

बाईंच्या आधी तिथे एक कंपाउंडर होता. डॉक्टर नसताना त्याने एका म्हाताऱ्याचं कुरूप ब्लेडने कापलं आणि ते चिघळलं. डॉक्टरांनी त्याला काढलं, आणि नव्या माणसाने काय करायचं, काय नाही, हे कागदावर असावं असं ठरवलं. मी कचेरीत परिपत्रकांचे मसुदे करायचो. वडिलांच्या ड्रेसिंगमुळे ओळख झालेलीच होती, म्हणून हे काम त्यांनी मला सांगितलं.

मी नऊ कलमं केली. पाय कोमट पाण्याने धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, जखम मोजून वहीत लिहिणे, पट्टी बांधणे, ही कामं बाईंनी स्वतः करायची. सहावं कलम असं होतं: डॉक्टर हजर असल्याशिवाय ब्लेड किंवा कात्री कातडीला लावायची नाही. आठवं: शंका आल्यास रोग्याला चिठ्ठी देऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं.

मोजण्याची पद्धत माझीच. पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जखमेवर धरायचा, पेनाने कड गिरवायची, मग तो आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. डॉक्टरांना ती आवडली.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या, "एक र्‍हायलं. उलटा हात लावून दोन्ही पाय बघायचे. एक गरम लागला तर समजायचं."

"किती गरम?" मी विचारलं.

"दुसऱ्यापरीस गरम."

"बाई, हे लिहिता येत नाही. आकडा नको का काहीतरी?"

"तुमच्या घरी भाकरीचा तवा तापला का न्हाय, ते आकडा बघून समजतं का?"

डॉक्टर हसले, मीही हसलो. कलम मात्र घातलं नाही. नऊ कलमांचा कागद टाईप होऊन भिंतीवर लागला.

वडिलांची जखम मोजणीच्या पहिल्या आठवड्यात चौदा चौकोन होती. मग अकरा, मग आठ. घरी मी ते आकडे कॅलेंडरवर लिहीत होतो. वडील म्हणत, "हा माझ्या पायाचं तिकीट फाडतोय."

पाचव्या आठवड्यातल्या शनिवारी मला सुट्टी होती म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो. बाईंनी पट्टी सोडली. आदल्या दिवशी शुक्रवार होता, पण डॉक्टर आले नव्हते, कुठल्यातरी ऑपरेशनमध्ये अडकले होते. मी प्लॅस्टिक धरलं आणि मोजलं. पाच चौकोन. जखमेभोवती मात्र जाड, पिवळट घट्टा जमला होता. मागच्या वेळी डॉक्टरांनी तसाच घट्टा माझ्यासमोर दोन मिनिटांत तासून काढला होता, आणि बाईंनी तेव्हा पाय धरला होता.

"बाई, एवढी कडा तासून टाका," मी म्हणालो. "मंगळवारपर्यंत कशाला थांबायचं? तुम्हाला येतंय."

"येतंय," त्या म्हणाल्या. "सहावं वाचा."

"मीच लिहिलंय ते."

"म्हणून तर. लिवणाराच मोडाया बघतो, मग आमी कुणाचं ऐकायचं?"

मला राग आला. भित्र्या आहेत असं वाटलं. त्यांनी उजव्या हाताची पाठ आधी एका पावलावर ठेवली, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर.

"हा गरम हाय. आज जा बोरिवलीला."

"आठवरून पाचवर आलंय, बाई. कमी होतंय."

"वरचं भोक बुजतंय. आत काय हाय ते तुमचा कागूद सांगत न्हाय." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

मी म्हणालो, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. वडिलांना ताप नव्हता आणि दुखत नव्हतं. न दुखण्याला काही अर्थ नाही हे मला माहीत असायला हवं होतं.

वडील तोवर आमचं ऐकत होते. ते म्हणाले, "कंडक्टरने घंटी मारली की ड्रायव्हर गाडी थांबवतो. का मारली ते नंतर विचारतो. बाईंनी घंटी मारलीय. चल, रिक्षा बघ."

बोरिवलीला डॉक्टरांनी घट्टा उघडला तेव्हा खालून पू आला. तो अंगठ्याच्या हाडापर्यंत गेला होता. दोन दिवसांनी अंगठा काढावा लागला. पाऊल वाचलं. "मंगळवारपर्यंत थांबला असतात तर घोट्याच्या खालचं काही राहिलं असतं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले. मी ब्लेडचंही सांगून टाकलं. ते म्हणाले, बाईंनी तुमचं ऐकून कडा तासली असती तर वरून स्वच्छ दिसलं असतं, आणि तुम्ही समाधानाने घरी गेला असता.

माझ्या मोजणीत चूक नव्हती. मी नंतर सगळे तुकडे काढून पुन्हा मोजले, आकडे तेच आले.

वडील काठी घेऊन चालू लागल्यावर मी भिंतीवरचा कागद मागून घेतला आणि डॉक्टरांना सांगितलं की एक कलम वाढवायचंय. बाईंना म्हटलं, शब्द तुम्ही सांगा. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं: उलटा हात लावून दोन्ही पाय बघायचे, एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर त्याच दिवशी पाठवायचं.

"दहावं करू?" मी विचारलं.

"शेवटाला कोण वाचतो?" बाई म्हणाल्या. "मोजायच्या आदी घाला."

मी तिसऱ्या जागी ते घातलं आणि पुढचे आकडे खोडून नवे लिहिले. चौकोनांचं कलम चौथं झालं.