सोनं की मुलामा

अमेरिकेतल्या वॉल्थम गावचा घड्याळांचा कारखाना बंद पडून पन्नास वर्षं उलटली, तरी गावातल्या निम्म्या घरांत एखादं खिशातलं घड्याळ ड्रॉवरमध्ये लोळत असतंच. ते नेमकं काय आहे हे विचारायचं तर अमेदी लेब्लाँकडे जायचं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये डोळ्याला भिंग लावून बसे आणि फुकट सांगे. त्याची आई त्या कारखान्यात केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा बसवायची. डोळे अधू झाले तेव्हा तिला घरी बसवलं. अमेदीने चाळीस वर्षं घड्याळं ओळखली आणि त्यात तो एकदाही खोटं बोलला नाही. याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवण्याइतका तो काही साधू नव्हता.

सोन्याचा भाव चढला त्या हिवाळ्यात शेजारच्या गल्लीतली रोझलिन टॅगार्ट आली. नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई. तिने मोज्यात गुंडाळलेलं घड्याळ पुढे ठेवलं. झाकणावर तीन रंगांच्या सोन्यात घडवलेलं हरीण होतं, भोवती ओकची पानं. आतल्या मशीनवरचा नंबर १८८४ सालचा. असं घड्याळ अमेदीने उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा काचेपलीकडून.

"खरं सोनं आहे का हो?" रोझलिनने विचारलं आणि तो बघेपर्यंत कॉफी आणायला गेली.

शेजारी बसलेला नॉर्बर्ट त्याच्यासारखाच घड्याळवेडा. तो लगेच कानाशी लागला. "मुलामा म्हण. दोनशे डॉलर हातावर ठेव. बाई खूश, तू खूश."

"आणि मी चोर."

"चोर कसला, बाबा? तुझ्याकडे ते जपलं तरी जाईल."

अमेदीने बाईला खरं ते सांगितलं. चौदा कॅरट, भरीव. मग अर्धा तास त्या नक्षीचं कौतुक केलं. खरी किंमत आतल्या मशीनची, हेही आईची आठवण काढत सांगितलं. विकायचंच तर जपणाऱ्याला विका म्हणून त्याने तीन संग्राहकांचे पत्ते लिहून दिले. बाईने कागदाची नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

महिन्याने ती हसत आली. नवे दात बसवले होते. टेबलावर तिने औषधाची नारिंगी बाटली ठेवली. आत कापसात मशीन होती.

"सोनंवाल्याने वरची डबी मोडीत घेतली. हे आतलं त्याला नको होतं. मी म्हटलं, थांब रे, टाकू नकोस, आमच्या अमेदीला याचीच आवड."

"आणि हरीण?"

"ते वितळवलं असेल एव्हाना. तुमचे लोक फोटो मागणार, पत्रं लिहिणार. माझ्या हिरड्या तोवर थांबल्या असत्या का? रागावला नाहीत ना?"

"नाही," अमेदी म्हणाला. "छान दिसतात दात."

तिची काही चूक नव्हती, आणि तेच त्याला गिळवत नव्हतं. तो खोटं बोलला असता तर ते हरीण आज निदान मोज्यात तरी असतं. चाळीस वर्षांत आणखी किती जणांना आपण खरं सांगून भट्टीची वाट दाखवली, हे तो मनात मोजू लागला.

बाई गेली. खुर्चीवर एक तरुण माणूस येऊन बसला आणि त्याने आजोबांचं घड्याळ पुढे सरकवलं. अमेदीने झाकण उघडलं. चौदा कॅरटचा शिक्का स्वच्छ दिसत होता.

"सोनं निघालं तर देव पावला," माणूस म्हणाला. "घर तापवायचं तेल संपलंय. घरात तान्हं पोर आहे."

नॉर्बर्टने मान वर करून पाहिलं.

"मुलामा आहे," अमेदी म्हणाला. "आठवण म्हणून ठेवा."

माणसाने झाकण मिटलं. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, तर आणखी एकाला दाखवलं असतं," तो उठता उठता म्हणाला. "पण तुमचा शब्द म्हणजे काय, संपलंच." त्याने अमेदीचा हात हातात घेऊन आभार मानले, घड्याळ कोटात टाकलं आणि बर्फात बाहेर पडला.