लाखनीला नेलेला निवडुंग

सांगोल्याहून निघालो तेव्हा मांडीवर कुंडी आणि कुंडीत भोपळ्याएवढा गोल निवडुंग. भंडाऱ्यापर्यंत दोन दिवस, चार एसट्या बदलल्या, पण शेजारी बसायची कुणाची छाती झाली नाही. कंडक्टरने तिकीट माझ्या हातात न देता काट्यावर टोचलं, असं मी सांगतो, आणि ते जवळजवळ खरं आहे.

माझे लाखनीचे मित्र मेश्राम गुरुजी यांना तो हवा होता. सहा दिवसांनी भंडाऱ्यात शाळांचं प्रदर्शन होतं आणि त्यांच्या वर्गाचा विषय होता ‘कमी पाण्यावर जगणारी झाडं’. गावाभोवती मात्र तळीच तळी, नि गुडघाभर पाण्यात उभा धान. पहिल्या जेवणाला ताटात भाताचा असा डोंगर आला, की समोर बसलेले गुरुजी दिसेनात.

निवडुंग ओसरीवर ठेवून आम्ही दोन दिवस नागझिऱ्याच्या जंगलात गेलो. वाघ पाहिला. म्हणजे शेपटी पाहिली. बरं, गवत हललं.

परतलो तर कुंडी रिकामी! शेजारचे धानवाले सुखदेवभाऊ यांनी निवडुंग आपल्या बांधीत (भाताच्या खाचरात) नेऊन रोवला होता. त्यांच्या घरचा रिवाज असा, की पाहुणा आला की आधी त्याच्या पायावर पाणी. झाडाचे पाय म्हणजे मुळं, हा त्यांचा हिशेब.

“एवढ्या दुरून आलं बिचारं,” ते म्हणाले, “मले वाटलं, तहानलं असन.”

हे झाड पाण्यासाठी हपापलेलंच असतं. पानांचे काटे करून घेतं, सालीला मेण फासतं, सगळं वाफ जाऊ नये म्हणून. अंगाच्या घड्या भात्यासारख्या, मिळेल तेवढं पिऊन फुगतं. हे पठ्ठं इतकं प्यायलं होतं की एका बाजूनं चिरलं होतं आणि मुळं कुजून लिबलिबीत. गुरुजींनी ते गमछ्यात धरून बांधावर काढलं.

“आता मरते का जी हे?” सुखदेवभाऊंचा चेहरा पडला होता.

मी विळ्यानं कुजका बुडखा कापला, पार पांढरा गर लागेपर्यंत, आणि उरलेला गोळा चुलीवरच्या माळ्यावर कोरडा ठेवला. माती नाही, पाणी नाही. सुखदेवभाऊ दिवसातून पाच वेळा भरलेला लोटा घेऊन येत आणि मान वर करून बघत.

“कायच्या भरवशावर जगून राहिलं हे?”

“पोटातल्या पाण्यावर,” मी म्हणालो.

चौथ्या दिवशी, प्रदर्शनाच्या सकाळी, जखमेवर खपली धरली होती. भंडाऱ्यात तो माती न घालता पितळी परातीत ठेवला. परीक्षकांनी विचारलं, झाड मेलेलं का आणलं? गुरुजींनी तोंड उघडायच्या आत सुखदेवभाऊ पुढे.

“चार दिवस झाले जी, थेंब नाही देला. बोट लावून पाहा.”

परीक्षकांनी लावलं. लगेच काढलं. जिवंत असल्याची खात्री पटली.

निवडुंग लाखनीतच ठेवून मी परतलो. आमच्या दुष्काळी मुलखात झाड जगवायचं म्हणजे कोसभरावरून घागर आणायची, आणि त्याचा आम्हाला मोठा अभिमान. पण ज्याच्या दारात तळं आहे, त्यानं चार दिवस भरलेला लोटा हातात धरून तो ओतला नाही. मला विचाराल तर त्या लोट्यापुढे आमची घागर हलकी.