लाल-पांढरा दोरा

मिठाईच्या खोक्याचा लाल-पांढरा दोरा सोडताना परवा माझे हात थांबले.

साठच्या दशकात मद्रासच्या बंदराजवळच्या इस्पितळात मी नवी नर्स होते. तापाने आजारी दोन खलाशी शेजारच्या खाटांवर होते, एक बल्गेरियन, एक ग्रीक. आल्या दिवसापासून ग्रीकाने मध्ये पडदा लावून घेतला होता.

"सिस्टर, महायुद्धात यांच्या सैन्यानं आमचं गाव जाळलं," तो तोडक्या इंग्रजीत सांगे.

पलीकडून बल्गेरियन ओरडे, "माझ्या आजीला घरातून कुणी हाकललं, तेही विचारा!"

एक मार्चच्या सकाळी फिनेलच्या वासात मी पडदा सारला, तर बल्गेरियन मांडीवर दोरा वळत बसलेला. पांढरा धागा बँडेजचा, लाल आमच्या ब्लँकेटचा. मी भडकलेच. "अहो, ब्लँकेट उसवलंत?"

तो ओशाळला. "आज आमच्याकडे मनगटाला हा बांधतात. वर्षभर तब्येत चांगली राहावी म्हणून."

ग्रीक टक लावून बघत होता. हळूच म्हणाला, "माझी आई बांधायची. असाच." आणि त्याने वाळलेला हात पुढे केला. बल्गेरियनने गाठ मारली.

मला वाटलं, मिटलं भांडण. दुसऱ्या सकाळी ग्रीक म्हणाला, "पडदा लावा, सिस्टर." मी रागाने पडदा ओढला. किती कोत्या मनाचा माणूस, असं वाटलं. आज तसं वाटत नाही. जळलेलं गाव एका दोऱ्याने थोडंच विसरलं जातं?

पण त्याच दिवशी ग्रीकाचं अंग पुसताना मी तो भिजलेला दोरा सोडायला गेले, तेव्हा त्याने मनगट छातीशी घट्ट ओढून घेतलं होतं.