अर्ध्या भाड्याची खोली

सामरवरणीच्या चाळीत चिंधाएवढा काटकसरी माणूस दुसरा नव्हता, आणि हे तोच सगळ्यांना सांगत फिरायचा. धुळ्याकडून येऊन १९८९ साली तो धाग्याच्या कंपनीत लागला, कायम दिवसपाळीत. विजेचं बिल नको म्हणून पंखा घेतला नाही. पण खरी अक्कल त्यानं पाजळली ती भाड्यात. रातपाळीचा सुकदेव खोली शोधत होता, त्याला चिंधा म्हणाला, "सकाळी आठ ते संध्याकाळी सहा खोली तुझी. रात्री आमची. भाडं अर्धं अर्धं."

"आनि मी?" नवी नवरी ममतानं विचारलं होतं.

"चार बाया असतातच की बाहेर. गप्पा मार."

झालं, निकाल लागला! कॅंटीनमध्ये तो ही युक्ती रंगवून सांगे, लोक वाहवा करत. ममता दिवसभर कुठं असते हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. खरं तर त्यानं तिलाही कधी विचारलं नव्हतं.

एप्रिलात एकदा कंपनीची लाइट गेली आणि एक वाजताच सगळ्यांना घरी सोडलं. चिंधा चाळीत आला, तर सगळी दारं बंद. ओट्यावर चिटपाखरू नाही. शेजारची सरूबाई तेवढी नळावर होती.

"बायकोला शोधतोस? संडासामागं बघ, रोज तिथंच असते. आमच्या घरात ये म्हटलं तर येत नाही. म्हणते, नवऱ्याची नाचक्की होईल."

चिंधाचं तोंड उतरलं. तो मागं गेला. संडासाची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये हातभर सावली होती. नाकाला पदर लावून ममता तिथं तांदूळ निवडत होती. त्याला बघून ती धडपडत उठली.

"काय झायं? नोकरी गई का?"

"नाही. चल घरात," तो कसाबसा म्हणाला.

"हळू बोला. सुकदेवभाऊ झोपेल शे." ती सरकली आणि तिनं त्याला जागा करून दिली. "अठे बसा. तीनपर्यंत सावली राहस."

चिंधाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊन सुकदेवला उठवावं असं त्याच्या मनात आलं. पण कुठल्या तोंडानं उठवणार? सहापर्यंतचं भाडं त्या बिचाऱ्यानं चोख दिलं होतं. चिंधा बायकोशेजारी त्या घाणीत खाली मान घालून बसला. तीन वाजता ममता उठली, तिनं सूप उचललं आणि सावली कुठं गेली ते त्याला दाखवायला पुढं निघाली.