कुठल्याही पक्षाची नसलेली विनिफ्रेड

कॅनबेरातली संसद अजून जुन्या पांढऱ्या इमारतीत भरत होती, तेव्हाची ही गोष्ट. ती इमारत सगळ्यांना अपुरी पडायची. मंत्री, विरोधक, वार्ताहर आणि चहाची गाडी ढकलणारी ग्लेनिस, सगळे एकाच बोळातून अंग चोरून जायचे. सभागृहात ज्याला खोटारडा म्हटलं त्याच्याच पायावर बाहेर आपला पाय पडायचा आणि "सॉरी हं, गड्या" म्हणावं लागायचं. आता टेकडीवरच्या नव्या इमारतीत माणसं एकमेकांना दिवसेंदिवस दिसत नाहीत. त्या जुन्या बोळात, बांधकाममंत्र्यांच्या दाराशी, विनिफ्रेड ऑल्डर्सन बसायची.

ती मंत्र्यांची माणूस नव्हती, खात्याची होती. खात्याचं म्हणणं मंत्र्यांपर्यंत आणि मंत्र्यांचं खात्यापर्यंत पोचवायचं, मध्ये मीठमसाला घालायचा नाही, हे तिचं काम. सरकारं आली नि गेली, भिंतीवरचे फोटो बदलले, विनिफ्रेड तिथेच राहिली. ती मत कुणाला देते हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नव्हतं. नवरा तरुणपणीच गेला होता. घरी एक म्हातारा कुत्रा होता, आणि थंडीत शेकोटीसाठी लाकडं फोडायची कुऱ्हाड.

सत्तरच्या दशकात क्लेम डॉहर्टी मंत्री होऊन आले. पूर्वी रेल्वेत गार्ड होते. मोठा आवाज, मोठं हसू. पहिल्याच सकाळी त्यांनी तिच्या टेबलावर हात टेकून विचारलं,

"तुम्ही कुणाच्या?"

"खात्याची, मिनिस्टर."

"म्हणजे त्यांची हेर?"

"दोन्हीकडची," ती म्हणाली.

क्लेम इतके हसले की समोरच्या दालनातून कुणीतरी डोकावून पाहिलं. तेव्हापासून दोघांचं जमलं. सगळ्या दुनियेला ते नावानं हाक मारायचे, तिला मात्र अखेरपर्यंत 'मिसेस ऑल्डर्सन'. सकाळी चहाबरोबर ती खात्याचे कागद समजावून सांगायची, आणि खात्याला जे लिहायचा धीर झाला नसेल तेही.

मंत्र्यांनी आपापली माणसं सोबत आणायची पद्धत त्याच सुमाराला रुळली. क्लेमनी मेलबर्नहून एड्रियन लास्कला सल्लागार म्हणून आणलं. मखमली कोट, कॉलरवर आलेले केस, आणि डोकं एकदम तल्लख. जागा नसल्यामुळे त्याचं टेबल विनिफ्रेडच्या समोरच चिकटवलं. दोघांचे गुडघे आपटायचे. पहिल्याच दिवशी तो तिला 'विन' म्हणाला. तिला ते मुळीच आवडलं नाही.

ठिणगी पडली ती पुलावरून. एका नदीवर पूल व्हायचा होता आणि तो दोन गावांना हवा होता. खात्याचे पूल-प्रमुख ऑसगुड यांनी लिहिलं, पूल वरच्या गावाला बांधा, खालच्या गावाचा काठ पुरात जातो. खालच्या गावातून मात्र क्लेमच्या पक्षाचा माणूस जेमतेम निवडून आला होता.

"विन, एवढं शेवटचं पान खात्याकडून बदलून आणा ना," एड्रियन म्हणाला. "'दोन्ही जागा चालतील' एवढंच लिहा म्हणावं."

"मंत्र्यांना पूल खाली हवा असेल तर त्यांनी खाली बांधावा. त्यांचा अधिकार आहे तो."

"आणि कागदावर खातं नको म्हणतंय, त्याचं काय?"

"खातं नको म्हणतंय म्हणूनच कागदावर तसं आहे."

"तुम्ही आमच्या बाजूच्या आहात की नाही?"

"माझी बाजू म्हणजे हे टेबल. जुनं आहे, हलत नाही. बघा ढकलून."

त्यानं टेबल सोडून ऑसगुडना फोन लावला आणि बढतीचा विषय हळूच काढला. घाबरट, सज्जन ऑसगुडनी लगेच विनिफ्रेडला फोन केला. "विनिफ्रेड, बदलून टाकू का गं? उगाच कटकट."

"तुमचं मत बदललंय का?"

"छे, मत कसं बदलेल? नदी तीच आहे."

"मग झालं तर."

तिनं फोन ठेवला, कागद घेतले आणि सरळ आत गेली. मागोमाग एड्रियन. दार लागलं, आणि ग्लेनिसनं चहाची गाडी बाहेरच थांबवली.

क्लेमनी दोघांचं ऐकून घेतलं. फोनचं कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. "अरे, मला खरं सांगणारं माणूस तू घाबरवून ठेवलंस, तर मी इथे बसून काय करू? आरशाशी गप्पा मारू?" मग ते नुसत्या मोज्यांवर खिडकीपाशी गेले. बाहेरच्या गुलाबाच्या झुडपांकडे बघत म्हणाले, "मी त्या मार्गावर गार्ड होतो. खालच्या गावातल्या बायका लेकरं घेऊन होडीतून दवाखान्याला जायच्या. मी पाहिलंय. मिसेस ऑल्डर्सन, ऑसगुडचं पान तसंच राहू दे. खाली मी लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं: 'खात्याचं म्हणणं वाचलं. मला पटलं नाही. पूल खालच्या गावाला.' सही केली.

विनिफ्रेडला मनातून ऑसगुडचंच पटत होतं. त्या दुपारी ती खात्यात गेली. पण तिनं निरोप जसाच्या तसा दिला आणि वर म्हणाली, "आता आपण तो पूल असा बांधायचा, जणू जागा आपणच निवडली." ऑसगुडनी मान डोलावली आणि कामाला लागले.

एड्रियन चारआठ दिवस रुसून होता. मग एका दुपारी तळ्याकाठी ती सँडविच खात होती तिथे येऊन बसला. "तुम्हाला कधी राग येतच नाही का हो?"

"येतो ना. घरी जाऊन लाकडं फोडते."

तो हसला. पुढे दोघं बहुतेक दुपारी तिथेच बसायचे. वाद घालायचे, हंसांना हाकलायचे, परत वाद घालायचे. त्या दुपारी विनिफ्रेडला म्हातारपणी सगळ्यात जास्त आठवायच्या.

निवडणुकीत क्लेमचं सरकार गेलं. नवे मंत्री आले आणि त्यांची सल्लागार म्हणून कॅरिस बार्टलम आली. हिवाळ्यात नदीला पूर आला. नुकताच बांधून झालेला पूल टिकला, पण त्याच्या तोंडाशी असलेला रस्ता पाण्याखाली गेला. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं, क्लेमनी मतांसाठी चुकीची जागा निवडली म्हणून. कॅरिसनं खुर्ची ओढून घेतली आणि मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही तेव्हा खोलीत होता ना? डॉहर्टी नेमके काय म्हणाले? निवडणुकीचं काही बोलले का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"अजून त्यांच्याच आहात वाटतं?"

"मी तेव्हा त्यांची नव्हते, आता तुमची नाही. पण उद्या कुणी तुमच्याबद्दल असंच विचारलं, तर मी काय सांगावं असं तुम्हाला वाटतं?"

कॅरिसनं खुर्ची परत जागेवर ठेवली. पण लवकरच विनिफ्रेडला खात्यात परत बोलावलं. शिक्षा असं कुणी म्हटलं नाही. तळ्यापलीकडे जुन्या नकाशांची खोली होती, खिडकीतून नुसत्या उभ्या गाड्या दिसायच्या. संसदेत मतदानाची घंटा वाजली की तिचा हात आपोआप फायलीकडे जायचा. इथे घंटाच नव्हती. पहिले काही आठवडे ती घरी गेली की इतकी लाकडं फोडायची की शेजारी विचारायचे, दुकान काढताय का?

एड्रियन तेव्हा एका वर्तमानपत्रात लिहू लागला होता. तो तिच्याकडे आला तो तावातावानं. "तुमच्यावर अन्याय झालाय. एक वाक्य बोला, मी पहिल्या पानावर छापतो. क्लेमचं नाव साफ होईल आणि तुमचंही."

"एड्रियन, त्या खोलीत तूही होतास. तू का नाही लिहीत?"

त्यानं तिचं सँडविच अर्धं उचललं आणि खात बसला. त्यानं ते कधीच लिहिलं नाही.

पुढे खात्यानं तो रस्ता उंच केला. खालच्या गावाच्या होड्या बंद झाल्या. ऑसगुडचं खरं होतं आणि क्लेमचंही चुकलं नव्हतं, असं विनिफ्रेडला हळूहळू वाटू लागलं. नकाशांच्या खोलीतूनच ती निवृत्त झाली. निरोपाला केक होता, आणि आजारी असूनही लांबचा प्रवास करून आलेले क्लेम होते. त्यांनी भाषण केलं नाही. फक्त टोपी काढून तिच्या शेजारी उभे राहिले.

क्लेम गेले तेव्हा त्यांचं दफन खालच्या गावात झालं. एड्रियन गाडी चालवत होता, विनिफ्रेड शेजारी. चर्चच्या सभागृहात चहा होता. दोन्ही पक्षांची माणसं तिथे होती. केस पांढरे झालेली कॅरिसही. तिनं विनिफ्रेडला स्वतः कप आणून दिला आणि जरा वेळ तशीच शेजारी बसली. कुणीच जुनं काही काढलं नाही.

मग क्लेमची मुलगी ड्युल्सी जवळ आली. "मिसेस ऑल्डर्सन, बाबा घरी कधी काही सांगायचे नाहीत. पुलाचं ठरवलं तेव्हा तुम्ही तिथे होता ना? कसे होते ते त्या दिवशी?"

विनिफ्रेडनं कप खाली ठेवला. एड्रियननं तिच्याकडे मान वळवली.

"बूट काढून बसले होते," ती म्हणाली. "आणि डाव्या मोज्याला हे एवढं भोक होतं."

ड्युल्सी आधी हसली, मग रडली. विनिफ्रेडनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.