सत्तेचाळीस नंबरचं कासव

चष्म्याच्या दुकानात लोकांना पुढचे आरसे आणि फ्रेमांच्या रांगा तेवढ्या दिसतात. खरं काम मागच्या खोलीत चालतं, आणि तिथे आम्ही दोघं बसतो. ताई काच घासून आकाराला आणतात, मी ती फ्रेममध्ये बसवतो. सव्वीस वर्षं आमची टेबलं एकमेकांना चिकटून आहेत. त्या मला ‘शेजारी’ म्हणतात. भाऊ म्हणत नाहीत.

ताईंच्या नखांत कायम पांढरा गाळ आणि कपाळावर कायम आठी. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मालक एकदा म्हणाले, “ताई, जरा हात उचला.” त्यावर ताईंनी यंत्र बंद केलं आणि दोन्ही हात वर करून पाच मिनिटं बसून राहिल्या. मालक पुन्हा मागच्या खोलीत त्या आठवड्यात आले नाहीत.

त्यांच्या खणात काचेचं एक कागदी पाकीट असतं. पाकिटावर काचेचा नंबर लिहायची आमची पद्धत आहे. यावर नुसतं ‘४७’ लिहिलेलं. नव्या विक्रेत्या मुलीने ते पाहून विचारलं होतं, “हा कुठला बिचारा हो, सत्तेचाळीस नंबरवाला?” आत काच नव्हतीच. आत होतं एका खेळाचं कार्ड, त्यावर तीन डोळ्यांचं कासव.

त्या खेळात एकशेवीस कार्डं. प्रत्येकावर एक प्राणी, त्याची ताकद, त्याचा डाव. बंद पुड्यांतून पाच-पाच कार्डं मिळायची आणि कुठली निघतील ते देवालाच ठाऊक. ताई सोळा वर्षांच्या आणि त्यांचा धाकटा भाऊ अकराचा असताना दोघांनी ती जमवायला सुरुवात केली. वडील नव्हते, आई कामाला जायची, आणि हे दोघं घरात जमिनीवर कासवं-लांडगे मांडून बसायचे. अल्बम पुरा व्हायला पाच वर्षं लागली. शेवटचं निघालं ते हे कासव, कार्ड नंबर सत्तेचाळीस. खेळात त्याचा काडीचा उपयोग नाही. ते चावत नाही आणि मरतही नाही. पण छापलंच थोडं, म्हणून दुर्मिळ.

मग धाकट्याचं लग्न झालं, तो दुसऱ्या गावी गेला. आई अंथरुणाला खिळली. सहा वर्षं ताईंनी एकटीने तिचं सगळं केलं. आई गेली त्या आठवड्यात घरातल्या वस्तू वाटून घेताना दोघांचं कशावरून तरी बिनसलं, आणि धाकटा बोलून गेला, “तू काय उपकार केलेस? तुला कोणी पसंत केलं नाही, म्हणून राहिलीस आईजवळ.”

मी हे ताईंच्या तोंडून एकदाच ऐकलंय. सांगताना त्यांनी यंत्र चालू ठेवलं होतं.

अल्बम धाकट्याच्या वाट्याला गेला. देण्याआधी ताईंनी त्यातून सत्तेचाळीस नंबर काढून घेतला. तेव्हापासून दर वर्षी, आई गेली त्या तारखेला, जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा.

“ताई, सत्तेचाळीस देतेस का?”

“माफी माग, देते.”

खट्. पलीकडून फोन बंद. अकरा वर्षं हेच. सगळं दुकान त्यांना ताई म्हणतं. ज्याला हक्क होता तो वर्षातून एकदा म्हणायचा. पण त्या दिवशी ताई सकाळीच केस नीट विंचरून यायच्या आणि फोन टेबलावर, यंत्राच्या पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा जागी ठेवायच्या. माझ्या नजरेतून ते सुटत नव्हतं.

या वर्षी कंपनीने जाहीर केलं की खेळाला तीस वर्षं झाली म्हणून कलेक्टर्स एडिशन काढणार. जुन्यातली शंभर कार्डं नव्याने छापून, सोनेरी कडा, जाड पुठ्ठ्याची पेटी. कुठली शंभर, ते दर शुक्रवारी दहा-दहा करून दाखवणार. ताईंनी ही बातमी मला दाखवली आणि दर शुक्रवारी डबा बाजूला सारून फोनमध्ये डोकं घालून बसू लागल्या. मी थट्टा करायचो, “ताई, या वयात बाहुला-बाहुली मांडा आता.” मला वाटायचं, यांना पेटी हवीय. कासव त्यात यावं म्हणून त्यांचा जीव टांगलाय.

पाचव्या शुक्रवारी कासव आलं. सोनेरी कडेचं, तिन्ही डोळे चमकणारं. मी म्हणालो, “घ्या, आलं तुमचं!” दुपारी त्यांनी एका शाळामास्तरांच्या चष्म्याची डावी काच उजवीच्या आकारात घासली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. वाया गेलेली काच हातात धरून त्या म्हणाल्या, “शेजारी, आता तो फोन कशाला करेल हो?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहुला-बाहुलीवरून केलेल्या थट्टेची मला लाज वाटली.

पेटी बाजारात आली त्या दिवशी ताई अर्धी रजा टाकून रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली दोन्ही कासवं शेजारी ठेवून मला बोलावलं. “मागे बघा. बारीक शिक्का आहे, पुनर्मुद्रण. हे जुन्या अल्बममध्ये कोणी लावत नाही. खऱ्या शौकिनाला मूळचंच लागतं.” त्या चक्क हसल्या. “त्याला माझंच लागणार.”

तारखेला अजून तीन आठवडे होते. ते तीन आठवडे ताईंनी कोणावर आवाज चढवला नाही.

तो दिवस आला. केस विंचरलेले, फोन कोरड्या जागी. जेवणाची सुट्टी झाली, संपली. ताईंनी डबा उघडलाच नाही. चार वाजता माझ्याने राहवेना. मी म्हणालो, “ताई, तुम्हीच लावा ना. मोठ्या आहात.” नसतं शहाणपण. पण त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला. त्यांचे हात ओले होते, म्हणून मीच नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

भावजयीने उचलला.

“कोण, ताई? अगंबाई! कशा आहात?”

“बरी आहे. ते... अल्बमचं विचारायचं होतं. सत्तेचाळीस नंबर.”

“अल्बम?” ती गोंधळली. “अहो, तो कुठे राहिलाय! घर बदलताना पाण्याची टाकी फुटली ना, तेव्हा सगळा लगदा झाला. सहा वर्षं झाली. यांनी सांगितलं नाही तुम्हाला?”

मी ताईंकडे पाहिलं. सहा वर्षं! म्हणजे सहा वेळा तो माणूस नसलेल्या अल्बमसाठी कार्ड मागत होता, आणि सहा वेळा यांनी त्याला हाकललं होतं. बोला, मी मनात म्हणत होतो, काहीही बोला, नुसतं नाव घ्या त्याचं.

“हे इथेच आहेत,” भावजय म्हणाली. “सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेत नुसते. देऊ का?”

ताईंनी खण उघडला. पाकीट बाहेर काढलं. आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे अकरा वर्षं निघत होतं. दुसरं काही बोलायची सवयच राहिली नव्हती.

“त्याला सांग, कार्ड माझ्याकडे आहे. माफी मागितली की मिळेल.”

पलीकडे कुजबुज झाली. मग दुरून, फोन हातात न घेताच, त्याचा आवाज आला. मी तो पहिल्यांदाच ऐकत होतो. थेट ताईंसारखाच, आठी पडलेला.

“म्हणावं, ते आता दुकानात मिळतं.”

भावजय घाईघाईने काहीतरी सावरायला लागली, पण ताईंनी ओल्या बोटाने फोन बंद केला. पाकीट खणात ठेवलं, खण लावला. मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घेतली, मध्यावर शाईचा ठिपका दिला आणि यंत्र सुरू केलं. “शेजारी,” त्या म्हणाल्या, “फ्रेम द्या.” मी दिली.