बेकार असल्याचा कागद

घराण्यातला मी पहिला पदवीधर. वडील मोहने गावच्या कारखान्यात कामगार. त्यांच्या ओव्हरटाइमवर मी बी.कॉम. झालो, हे मी कधी विसरलो नाही. पदवीनंतर मात्र तीन वर्षं घरी बसून होतो.

नव्वदनंतरची गोष्ट. मुंबईची एक डोशांची रेस्टॉरंटं चालवणारी कंपनी आमच्याकडे शाखा द्यायला लागली होती. नाव, पाटी, मसाले त्यांचे. जागा आणि पैसा आपला. फ्रँचायजी हा शब्द मी त्यांच्याच माहितीपत्रकात पहिल्यांदा वाचला. ठाकुर्ली स्टेशनजवळचा एक गाळाही हेरून ठेवला. सुशिक्षित बेरोजगारांना सरकारच्या हमीवर कर्ज मिळायचं. ठाण्याला मुलाखत दिली, नाव यादीत लागलं. आता बँकेचे साहेब घरी चौकशीला येणार, एवढंच उरलं होतं.

ही योजना बेकारांसाठी आहे, हे मी वडिलांना सांगितलं नव्हतं. तो शब्द मी त्यांच्यासमोर टाळायचो.

साहेब आले तेव्हा वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. शेजारी त्यांच्या खात्यातले दोघेजण, पाळी बदलून आलेले. कारखान्याच्या पतपेढीत कर्जाला दोन जामीनदार आणि पगाराची पावती लागायची. वडिलांना कर्जाची तेवढीच रीत ठाऊक.

"मुलगा काय करतो?" साहेबांनी विचारलं.

"नोकरी," वडील म्हणाले. "ठाण्याला, कंपनीत. रिकामा नाही हो साहेब, एक हप्ता चुकायचा नाही."

"पर्मनंट आहे?"

"होईलच की आता," एक जामीनदार म्हणाला. "पेढे खाल्लेत आम्ही. पार्टी तेवढी बुडवली ह्यांनी!"

सगळे हसले. वडिलांनी माझ्या नोकरीचे पेढे कधीच वाटले होते, हे मला तेव्हा कळलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यापुढे चहाची बशी सरकवली.

पंधरा दिवसांनी अर्ज नामंजूर होऊन आला. मी बँकेत गेलो. साहेब भले होते.

"अरे, तुझे वडीलच सांगतात नोकरी आहे, मी काय लिहू? त्यांच्याकडून लिहून आण. मुलगा बेकार आहे, मी खोटं बोललो. खाली सही. फाईल पुन्हा वर पाठवतो."

मजकूर मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. वडील चौथी शिकलेले. सही करण्याआधी दोन्ही हात पुसायचे, कागद सरळ करायचे, मग हळूहळू एकेक अक्षर काढायचे. तो कागद खिशात ठेवून मी रोज त्यांच्यासमोर जेवायला बसत होतो. एकदा बाहेर काढलाही. "काय रे?" त्यांनी विचारलं. "काही नाही," म्हणालो.

डोशांच्या कंपनीने पैसे भरायला दिलेली मुदत संपली. शाखा दुसऱ्या कुणाला गेली.

पुढे कारखाना बंद पडला. वडील घरी बसले, ते शेवटपर्यंत. मधूनच त्यांना ते कर्ज आठवायचं.

"आपलंच चुकलं रे," ते म्हणायचे. "तिसरा जामीनदार आणायला हवा होता."

"हो, बाबा," मी म्हणायचो.